मंडळीने मिळून शास्त्र वाचावे

वाचावयाचा भाग : नहेम्या, अध्याय ८ वा, संपूर्ण



यरुशलेमचा पडलेला कोट नहेम्याच्या देखरेखीखाली ५२ दिवसांत पुरा झाला, ही गोष्ट आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलांनाही ठाऊक असते. एका हाताने काम व दुसऱ्या हातात शस्त्र, हे चित्र त्यांना फार आवडते. परंतु कोट पुरा झाल्यावर त्या लोकांनी सर्वांत पहिले काम कोणते केले, असे विचारले तर मोठी माणसेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. अलूल महिन्याच्या २५ व्या दिवशी कोट पुरा झाला, आणि पुढच्या, म्हणजे सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सर्व लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात एकदिलाने जमले. मध्ये एक आठवडासुद्धा गेला नव्हता. हातांवरचे घट्टे अजून ताजे होते, घरची कामे दोन महिने खोळंबली होती. तरी त्यांनी एज्रा शास्त्र्याला मोशेच्या नियमशास्त्राचा ग्रंथ बाहेर आणावयास सांगितले. येथे थोडे थांबून पाहावे. एज्राने लोकांना बोलाविले असे लिहिलेले नाही. लोकांनी एज्राला सांगितले. आपल्याकडे बहुधा ह्याच्या उलट चालते. पाळकाने बोलवावे, घंटा वाजवावी, पुन्हा माणूस पाठवावा, आणि मग आपण खांद्यावर उपरणे टाकून निघावे!

ग्रंथ वाचला गेला तो मंदिरात नव्हे. वेशीजवळचा चौक म्हणजे जाण्यायेण्याची व बसण्याउठण्याची जागा. आपल्या गावच्या चावडीसारखी किंवा पारासारखी म्हणा. तेथे पुरुष होते, स्त्रिया होत्या, आणि ज्यांना ऐकून समजेल एवढी मोठी झालेली मुले होती. नहेम्याने स्त्रियांचा उल्लेख एकदा नव्हे, दोनदा केला आहे. उजाडल्यापासून दुपारपर्यंत वाचन चालले. एज्रा एका लाकडी मंचावर उभा होता व त्याच्या दोन्ही बाजूंस मिळून १३ माणसे उभी होती. ह्याशिवाय आणखी १३ जणांची नावे दिली आहेत. ते लेव्यांबरोबर लोकांना नियमशास्त्र समजावून देत होते आणि लोक आपापल्या जागी उभे होते. एवढ्या मोठ्या समुदायात हे तेराजण एका सुरात ओरडून अर्थ सांगत असतील, असे काही मला वाटत नाही. ते लोकांत मिसळले असावेत, ठिकठिकाणच्या घोळक्यांत जाऊन वाचलेल्या भागाचा अर्थ फोड करून सांगत असावेत, कोणी अडल्यास थांबत असावेत. मंचावरून एकाने वाचावे आणि खाली लहान लहान जमावांत त्याचा उलगडा व्हावा, अशी ती व्यवस्था दिसते.

उलगड्याची गरज का पडली? ह्या लोकांचे बापदादे बाबेलात बंदिवान होऊन गेले होते. तेथे त्यांच्या बोलण्यात अरामी भाषा शिरली, आणि मोशेचा ग्रंथ तर जुन्या इब्री भाषेत होता. म्हणून पुष्कळ विद्वानांचे असे मत आहे की, लेव्यांनी केवळ अर्थच सांगितला नाही तर काही अंशी भाषांतरही केले. ते काहीही असो. शब्द कानावर पडला एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही, तो पोहोचला की नाही हे पाहण्याची त्यांनी काळजी घेतली. आपली मराठी शास्त्राची भाषा पाहा. ज्यांना ती लहानपणापासून सवयीची आहे त्यांना ती गोड लागते. पण आज शाळेत शिकणाऱ्या मुलास किंवा नव्याने मंडळीत आलेल्या बाईस ‘नीतिमान ठरणे’ म्हणजे काय, असे एकदा विचारून पाहावे. रविवारी तो शब्द दहा वेळा उच्चारला जातो व दहाही वेळा डोक्यावरून जातो. उपासनेत मध्येच उठून “पाळकसाहेब, ह्याचा अर्थ काय?” असे कोण विचारणार? पण घरी घोंगडीवर आठ माणसे बसलेली असताना विचारण्यास भीड पडत नाही.

त्या दिवशी लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले. तेव्हा नहेम्या, एज्रा व लेवी ह्यांनी त्यांना सांगितले की, आज रडू नका. गोडधोड खा, प्या, आणि ज्यांच्या घरी काही नाही त्यांना वाटा पाठवा. लोक मोठ्या आनंदाने घरी गेले. आनंदाचे कारणही तेथेच दिले आहे : त्यांना सांगितलेली वचने समजली होती. सणाच्या पक्वान्नामुळे आनंद झाला असे नहेम्या म्हणत नाही.

आता ह्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय काढा. कोट बांधणे चालू असताना एक मोठी ओरड झाली होती. दुष्काळात धान्य घेण्यासाठी व राजाचा कर भरण्यासाठी गरिबांनी आपली शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती. कित्येकांची मुलेमुली कर्जापायी गुलामगिरीत गेली होती. आणि हे सर्व करणारे सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्याने त्यांना बोलावून खडसावले, व त्यांनी शेते व व्याज परत करण्याचे कबूल केले. ही गोष्ट घडून फार दिवस झाले नव्हते. आता पाणीवेशीच्या चौकात ज्याचे शेत गेले होते तो आणि ज्याने ते घेतले होते तो, असे दोघेही उभे होते. दोघांच्या कानी एकच नियमशास्त्र पडत होते. गरीब भावाला व्याज लावू नये, असे मोशेच्या ग्रंथात स्पष्ट आहे. सावकाराने आपल्या माडीवर एकट्याने तो भाग वाचला असता, तर कदाचित त्याला दुसऱ्या एखाद्या वचनाने अधिक शांती दिली असती. एकट्याने वाचणारा मनुष्य आपल्याला रुचेल तेथे फार वेळ रमतो आणि टोचेल तेथे पान उलटतो. शेजारी कर्जदार बसलेला असला म्हणजे पान उलटणे इतके सोपे जात नाही.

प्रियांनो, आपल्या खेड्यांतील मंडळ्यांची स्थिती मी सांगावयास नको. एका पाळकाकडे अनेक गावे असतात. महिन्याच्या चार रविवारांपैकी एखाद्या रविवारी ते आपल्या गावी येतात. उरलेल्या रविवारी कोणी वडील दोन गीते म्हणवून घेतात, एक अध्याय वाचतात, प्रार्थना होते, वर्गणी होते व सर्व घरी जातात. पवित्र शास्त्र घरोघर आहे. बऱ्याच घरी ते स्वच्छ रुमालात गुंडाळून, फोटोच्या शेजारी, हात न पोहोचेल अशा फळीवर ठेवलेले आहे. तरुण मंडळींच्या तर मोबाईलमध्येच सबंध शास्त्र आहे, आणि त्याबरोबर दूरदूरच्या उपदेशकांची व्याख्यानेही आहेत. त्यांतील काही चांगली असतात. परंतु तो उपदेशक आपल्या गावाला ओळखत नाही; तो आपल्याला प्रश्न विचारीत नाही, आणि आपण विचारलेला प्रश्न त्याला ऐकू जात नाही. तो पैसे मागू लागला, रोग बरा करण्याचे मोल सांगू लागला, किंवा अमुक दिवशी जगाचा शेवट होणार असे बोलू लागला, तर घरात एकट्याने ऐकणाऱ्या म्हाताऱ्या आईने ते कशावर पारखून पाहावे? येथेच खरी भीती आहे. मंडळी उपासमारीने मरत नाही. कोणीही वाढलेले काहीही खाऊन ती आजारी पडते.

कोणी म्हणेल, एकांतात शास्त्र वाचूनही लोक प्रभूकडे आले आहेत. आले आहेत, ह्यात शंका नाही. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला, तो त्यांनी स्वतःच वाचला, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. पुढे १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांचे पुढचे आयुष्य पाहा. एकट्याने सुरू झालेल्या त्या वाचनाचा ओघ शेवटी सोबत शोधीत गेला, आणि १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही येशूभोवती एकत्र बसण्यास जागा होती. एकांतातील वाचन सोडून द्या, असे कोणी समजू नये. प्रभूसुद्धा पहाटे एकांती जात असे. परंतु तो परत येऊन बारा जणांत बसत असे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भाषेमुळे सहज नजरेआड होते. आपण बोलताना एकट्या मनुष्यालाही आदराने ‘तुम्ही’ म्हणतो. त्यामुळे पौलाच्या पत्रांत ‘तुम्ही’ आले की, प्रत्येकाला वाटते, हे मला एकट्यालाच उद्देशून आहे. पण शास्त्राच्या मराठी भाषांतरात एकट्याला बहुतकरून ‘तू’ असेच म्हटलेले असते. जेथे ‘तुम्ही’ आहे तेथे अनेकजण आहेत. तुम्ही देवाचे मंदिर आहा, असे पौल करिंथकरांस विचारतो, ते एकेकाला नव्हे, भांडणे करून चार तट पाडलेल्या त्या सबंध मंडळीला. आपले तारण साधून घेण्याविषयी तो फिलिप्पैकरांस सांगतो, तेही अनेकांस मिळून. ती पत्रे मुळी जमलेल्या मंडळीस वाचून दाखविण्यासाठीच लिहिली होती. थेस्सलनीकाच्या मंडळीला तर त्याने शपथ घातली की, हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवावे. आणि कलस्सैकरांना सांगितले की, तुमचे पत्र लावदिकीयाच्या मंडळीत वाचले जाईल असे करा व त्यांचे तुम्ही वाचा. त्या काळी घरोघर ग्रंथ कोठून असणार? छापलेले पवित्र शास्त्र युरोपात प्रथम निघाले तेच सुमारे १४५५ साली. त्यापूर्वी चौदाशे वर्षे बहुतेक सर्व ख्रिस्ती लोकांनी शास्त्र कानांनी ऐकले, आणि ऐकण्यास दुसऱ्याचे तोंड लागतेच. बिरुयाचे लोक पौलाचे म्हणणे खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी दररोज शास्त्र तपाशीत असत. तेही सभास्थानातल्या गुंडाळ्यांभोवती जमूनच तपाशीत असतील. त्या लोकांच्या मोठ्या मनाची लूक स्तुती करतो. प्रेषितासारख्या मनुष्यालाही त्यांनी पडताळून पाहिले, आणि पौलाला त्याचा राग आला असे कोठे दिसत नाही.

ह्यावर आपल्यातील शिकलेले लोक म्हणतात, “खेड्यातील अडाणी माणसे एकत्र बसवून काय निघणार? आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखविण्यासारखे ते होईल.” मला हे मुळीच मान्य नाही, आणि त्याचे कारण सांगतो.

पेरणाऱ्याचा दाखला घ्या. शहरातील सुशिक्षित मनुष्य तो वाचून चार मुद्दे काढील व स्वस्थ बसेल. पण तोच दाखला शेतकऱ्यांत वाचा. पहिला प्रश्न येईल : “हा कसला पेरणारा, ज्याचे बी वाटेवर पडते? पाभरीने पेरताना चाड्यावर मूठ धरली म्हणजे बी तासातच पडते.” प्रश्न अगदी रास्त आहे. मग सांगावे लागेल की, त्या देशात बी हाताने फोकून पेरीत, म्हणून ते कडेच्या वाटेवरही जाई. लगेच दुसरा म्हणेल, “म्हणजे त्याने बी जपून वापरले नाही, जमीन चांगली की वाईट हे न पाहता सगळीकडे टाकले.” शिकलेल्या माणसाच्या चार मुद्द्यांत ही गोष्ट आली होती काय? खडकाळ जमिनीविषयी तर विचारूच नका. मुरमाड तुकड्यावर पहिल्या पावसाने उगवण लवकर होते, पाहणाऱ्याला पीक जोरात दिसते, आणि आठ दिवसांची उघडीप पडली की सगळे करपून जाते, हे ज्याने डोळ्यांनी पाहून कपाळाला हात लावला आहे, त्याला उथळ विश्वास म्हणजे काय हे व्याकरणातून शिकावे लागत नाही.

न्यायाधीशाकडे खेपा घालणाऱ्या विधवेचा दाखला असाच आहे. नवऱ्याच्या मागे सात-बारावर आपले नाव लागावे म्हणून तालुक्याच्या कचेरीत ज्या बाईने वर्षभर खेपा घातल्या, भाडे मोडले, “आज साहेब नाहीत” हे शब्द ऐकले, ती त्या घोळक्यात बसलेली असेल तर तिला बोलू द्यावे. आपण सर्वांनी गप्प राहावे. प्रार्थनेत न खचणे म्हणजे काय, आणि पाचव्या खेपेला पाय उचलणे किती जड जाते, हे तिच्याइतके कोणालाही सांगता येणार नाही. हरवलेले नाणे शोधणारी बाई अंधाऱ्या घरात दिवा लावून केर का काढते, हे बायकांना समजते; मेंढरू हरवल्यावर धनगर बाकीचा कळप कोणाच्या भरवशावर टाकतो, हा प्रश्न ज्याने मेंढरे राखली आहेत त्यालाच सुचतो. प्रभूने हे दाखले पंडितांच्या पाठशाळेत सांगितले नाहीत. ते ज्यांच्यासाठी सांगितले तशी माणसे आपल्या मंडळीत भरपूर आहेत, आणि आपण त्यांना वर्षानुवर्षे मुकाट्याने ओळीत बसवून ठेवले आहे!

‘समेट’ हा शब्दही तसाच आहे. देवाने ख्रिस्ताच्या द्वारे जगाचा स्वतःशी समेट केला, असे पौल शिकवितो. पुस्तकात हा शब्द कोरडा वाटतो. पण बांधाच्या वादावरून दोन भावांचे बोलणे सात वर्षे बंद आहे, आणि ते दोघेही त्याच सतरंजीवर बसलेले आहेत, अशा ठिकाणी हा भाग वाचला जाऊ द्या. वाचणाऱ्याचा आवाज आपोआप हळू होईल. तेथे स्पष्टीकरणाची आवश्यकता राहात नाही. दोघांपैकी कोण आधी उठतो एवढाच प्रश्न उरतो. पुष्कळदा कोणी उठत नाही, हेही खरे. तरी पुढच्या आठवड्यास दोघेही पुन्हा आले, तर काहीतरी चालू आहे असे समजावे.

ह्या महाराष्ट्रात आपणांस एकत्र वाचनाचे मोल दुसऱ्या कोणापेक्षाही अधिक वाटावयास पाहिजे. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घराण्यांचे पूर्वज असे होते की, धर्मग्रंथाचा शब्द त्यांच्या कानी पडणेसुद्धा निषिद्ध मानले जात असे. स्त्रियांची गतही फारशी निराळी नव्हती. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, एवढ्यावरून त्यांना शास्त्री-पंडितांचा विरोध सोसावा लागला व अरण्यात जाऊन राहावे लागले. रमाबाईंनी संस्कृत शिकले ते त्या आईच्या तोंडून. पुढे त्याच रमाबाईंनी इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास करून साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. त्यात त्यांची पुष्कळ वर्षे गेली. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ साली ते शास्त्र प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम तेथील स्त्रियांनी केले. ज्यांना पूर्वी अक्षरओळखही नव्हती अशा हातांनी देवाचे वचन अक्षर अक्षर जुळविले! आणि आपण ते वचन रुमालात बांधून फळीवर ठेवावे काय?

इतर देशांतील एक उदाहरण देतो; त्याचा धागा आपल्या देशाशी जुळलेला आहे. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी फिलिप याकोब श्पेनर नावाचे एक पाळक होते. मंडळी उपासनेला येत असे, पण तिचे जिणे जसेच्या तसे राही, ह्याचे त्यांना दुःख होते. १६७० साली त्यांनी काही लोकांना आपल्या घरी जमवून धर्मपर वाचन व संभाषण सुरू केले. १६७५ साली एक लहान पुस्तक लिहून त्यांनी असे सुचविले की, देवाचे वचन लोकांत अधिक प्रमाणात पसरविण्यास रविवारचे एक प्रवचन पुरे नाही. पाळकाच्या देखरेखीखाली लोकांनी एकत्र यावे, शास्त्र वाचावे, व ज्याला जे उमजले ते त्याने भावांपुढे मांडावे. पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. पण ह्याच चळवळीतून हाल्ले येथील काम वाढीस लागले, आणि हाल्ले येथे शिकलेला बार्थोलोमेयुस त्सीगेनबाल्ग हा तरुण आपल्या सोबत्यासह १७०६ साली तरंगमबाडी बंदरात उतरला. त्याने तमिळ भाषेत केलेला नवा करार १७१५ साली छापून निघाला.

ह्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रांकफुर्टच्या त्या बैठकींतील काही लोकांना पुढे असे वाटू लागले की, आपणच खरे ख्रिस्ती, बाकीची मंडळी नावाची; आणि ते मंडळीपासून फुटून निघाले. श्पेनर ह्यांना ह्याचे फार वाईट वाटले. एकत्र बसण्यात आपोआप पुण्य नाही. ईयोबाचे तीन मित्रही एकत्रच आले होते. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोपर्यंत सर्व ठीक होते. मग ते बोलू लागले; देवाविषयीच बोलले, पुष्कळ बोलले, तिघांचे एकमत होते, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला. चार माणसांचे एकमत म्हणजे देवाचे मत, असा समज आपल्या बैठकीत शिरू देऊ नये. पुढे शास्त्र उघडे असावे, व आपल्या मताविरुद्ध त्यात काही निघाले तर मत सोडावे. तसेच दुःखात असलेल्या माणसाला वचने फेकून मारू नयेत. ईयोबाच्या मित्रांनी तेच केले.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. आठ-दहा माणसे पुरे. अधिक झाली तर दोन घोळके करावेत, नाहीतर दोघेजण बोलतात व बाकीचे जांभया देतात. रात्रीची जेवणे उरकल्यावर, आठवड्यातून एकदा, पाळीपाळीने घरोघर जमावे. चहाफराळ ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगतो. एकाने पोहे केले की दुसरा शिरा करतो, आणि ज्याच्या घरी काही नाही तो आपली पाळी आली म्हणजे आजारी पडतो. पाण्याचा तांब्या पुरे.

इकडचे एक वचन, तिकडचे एक वचन असे न करता एकच पुस्तक धरावे. मार्काचे शुभवर्तमान आरंभास उत्तम. अध्याय १६ आहेत, कथा वेगाने चालते. एका बैठकीस दहा-पंधरा वचनांहून अधिक घेऊ नयेत. तोच भाग दोघांनी दोनदा मोठ्याने वाचावा. दुसऱ्यांदा शक्य तर मुलाने किंवा मुलीने वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना लाजविणारी एकही गोष्ट घडू देऊ नये. पाळीपाळीने एकेक वचन वाचण्याची रीत ह्या कारणासाठी वाईट आहे. पाळी जवळ येऊ लागली म्हणजे न वाचणाऱ्याचे लक्ष शास्त्रावर न राहता दाराकडे जाते. त्यांना ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत पुन्हा सांगण्यास सांगावे. वाचणाऱ्यांपेक्षा त्यांच्या स्मरणात अधिक राहिलेले असते, हे आढळून येईल.

बैठक चालविणाराने प्रवचन करू नये. हा मोह फार मोठा आहे, विशेषतः आम्हां उपदेशकांस. प्रश्न विचारावा व थांबावे. शांतता पसरली तर घाबरून आपणच उत्तर देऊ नये. माणसे विचार करीत असतात. स्त्रियांना मागे भिंतीशी बसवून पुढे पुरुषांनीच बोलणे, ही रीत सोडावी. अपुल्लोस मोठा वक्ता व शास्त्रात निपुण होता. त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती. तिने व अक्विल्लाने त्याला भरसभेत अडविले नाही. आपल्याकडे बोलावून नेऊन सांगितले. चुकणाऱ्याला सांगण्याची रीतही ह्यावरून शिकता येते. आणि बैठकीत कोणी आपल्या घरातील दुःख बोलून दाखविले, तर ते दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ऐकू येता कामा नये. एकदा असे झाले की ती बैठक संपली म्हणून समजा. लोक येत राहतील, पण तोंड उघडणार नाहीत.

नहेम्याच्या आठव्या अध्यायाचा उत्तरार्ध पुष्कळजण वाचीत नाहीत. दुसऱ्या दिवशी घराण्यांचे वडील, याजक व लेवी हे एज्राकडे पुन्हा आले. आदल्या दिवशीचा मोठा समुदाय नव्हे, थोडीच माणसे, आणि बारकाईने अभ्यास करण्यासाठी. वाचता वाचता त्यांना आढळले की, सातव्या महिन्यातील सणात इस्राएल लोकांनी मांडवांत राहावे असे लिहिले आहे. यहोशवाच्या काळापासून त्या दिवसापर्यंत तसे झाले नव्हते. त्यांनी त्याविषयी ठराव करून कमिटी नेमली नाही. नगरोनगरी दवंडी गेली. लोक डोंगरावर गेले. जैतुनाच्या, मेंदीच्या, खजुरीच्या फांद्या तोडून आणल्या आणि धाब्यांवर, अंगणांत व वेशींच्या चौकांत मांडव घातले. सात दिवस ते त्यांत राहिले, आणि रोज ग्रंथ वाचला गेला. म्हणून प्रत्येक बैठकीच्या अखेरीस एवढे विचारावे की, आज वाचलेल्यापैकी ह्या आठवड्यात आपल्या गावात करता येईल असे काय आहे. कधी उत्तर मिळेल, कधी मिळणार नाही. मिळाले तर ते लहानच असेल : अमक्या म्हातारीचे दळण आणून द्यावयाचे, तमक्याची उसनी रक्कम परत करावयाची, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या शाळकरी मुलाला रात्री जेवावयास बोलवावयाचे.

जी मंडळी कारखान्यावर ऊसतोडीस जातात, त्यांच्यापैकी एकाला तरी वाचता येत असेल असे पाहून त्याच्याबरोबर मार्काचे लहान पुस्तक द्यावे. खोपीसमोर चार माणसे बसली तरी ती बैठकच होय. गावात राहिलेल्यांनी त्या आठवड्यात तोच भाग वाचावा.

जे प्रश्न सुटणार नाहीत ते एका वहीत लिहून ठेवावेत. पाळकसाहेब महिन्याने येतील तेव्हा ती वही त्यांच्यापुढे ठेवावी. त्यांनाही एखादे उत्तर ठाऊक नसेल. ते पाळकांच्या सभेत नेऊन विचारतील. बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहून ठेवली आहे. कोणाच्या घरी जुनी प्रत असल्यास ती धूळ झाडून बाहेर काढावी. वही मात्र दोनशे पानी घ्यावी.